वसतिगृहातल्या मुली, एचपीव्हीची लस आणि ‘आईला विचारून सांगते’

मधुमालती
१९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण डोकं काही शांत होईना.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही मीच. एकूण ११२ मुली. त्यात अकरावी-बारावीच्या २३, बाकी बीए, बीएस्सी आणि थोड्या एमएस्सीच्या. गेल्या महिन्यात एका सेवाभावी संस्थेचा फोन आला: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, म्हणजे तो ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची लस सवलतीत द्यायचं शिबिर तुमच्याकडे घ्यायचं का? बाहेर एका डोसला दोन हजारांच्या आतबाहेर जातात. हे सहाशेत देणार होते. मी लगेच हो म्हणून टाकलं.

व्याख्यान ठेवलं. स्लाइड मीच केल्या. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जणी त्यात जातात, हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज येत होता. “काही प्रश्न?” काही नाही. टाळ्या झाल्या. ३८ जणींनी नावं लिहिली.

शिबिराच्या दिवशी आल्या ६. त्यातली एक नुसती मैत्रिणीसोबत आली होती. म्हणजे ५.

नर्सबाई व्हॅक्सिन कॅरियर पायाशी ठेवून दोन वाजेपर्यंत बसून होत्या. त्यांना चहा नेऊन देताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरले. रागावले नाही, फक्त विचारलं. ‘आईला विचारून सांगते’ हे सगळ्यांत जास्त. मग ‘पाळी चालू आहे’, ‘इन्स्टावर होतं की मूल राहत नाही’, ‘कोविडच्या वेळी दोन दिवस तापानं फणफणले होते’, ‘घरी बघायला येतायत, त्यांना कळलं तर?’ आणि एक मायक्रोबायोलॉजीची एमएस्सीची मुलगी, विषाणूची रचना जिला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे, ती म्हणाली, “मॅडम, लस चांगलीच आहे हो. पण मला नको.”

याचं काय करायचं असतं?

वरून सूचना अशी आलीय: पुढच्या वेळी मोठ्या मुलींना इंटर्नलचे पाच मार्क ठेवा, आणि अकरावी-बारावीच्या फॉर्मवर पालकाच्या जागी रेक्टरनं सही करून टाकावी, वेळ वाचेल. मला हे पटत नाही. पण का पटत नाही ते मीटिंगमध्ये धड सांगता आलं नाही, म्हणून इथे आले.

अबोल_वाचक
१९ सप्टेंबर, रात्री १०:३०

रुमाल टाकून ठेवतो.

खडूस_म्हातारा
१९ सप्टेंबर, रात्री ११:०५

बाई, पाच मार्क ठेवा, शंभर जणी रांगेत उभ्या राहतील. आमच्या काळी मार्कांसाठी एनसीसीत उन्हात चक्कर येऊन पडायचो.

पण खरं सांगू? आईला विचारते म्हणणारी मुलगी शहाणी. ही लस आणि आपला देश यांची जुनी भानगड आहे. आंध्रात आदिवासी मुलींवर प्रयोग झाले, सात मुली मेल्या, संसदेच्या समितीनं ताशेरे ओढले. तुमच्या स्लाइडमध्ये हे होतं का? नसणारच. कॅन्सरचे आकडे सांगायचे आणि हे गाळायचं, मग मुली टाळ्या वाजवून खोलीत जाऊन बसल्या की आश्चर्य वाटून घ्यायचं.

स्टेथोवाला
२० सप्टेंबर, सकाळी ७:४८

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस. काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण तो बरोबर असलेला अर्धा फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ओपीडी दहाला सुरू होते, तोवर वेळ आहे.

२००९ साली ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेनं आयसीएमआरला, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, सोबत घेऊन दोन ठिकाणी एचपीव्ही लसीकरणाचा प्रकल्प केला: आंध्रातला (आता तेलंगणातला) खम्मम जिल्हा आणि गुजरातेत वडोदरा. दहा ते चौदा वयाच्या मुली, दोन्ही ठिकाणच्या मिळून वीस हजारांच्या वर. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत निघालं ते असं: एक खाणीतल्या पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता, दोघींनी कीटकनाशक प्यायलं होतं, एकीला मलेरिया. उरलेल्या दोघींच्या मृत्यूतही लसीशी संबंध जोडावा असं काही मिळालं नाही. काकांच्या ‘सात मुली मेल्या’चं उत्तर हे.

आता दुसरा अर्धा. खम्ममच्या मुलींतल्या बऱ्याच जणी आश्रमशाळांच्या वसतिगृहात होत्या. आईबाप गावाकडे. त्यांच्या संमतीपत्रांवर सही कोणाची? अडीच हजारांहून जास्त फॉर्मवर वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांची. शिवाय जवळजवळ दोन हजार फॉर्मवर नुसता अंगठा. मुलींना काही त्रास झाला तर नोंद कोण ठेवणार, याचीही धड सोय नव्हती. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं प्रकल्प थांबवला. २०१३ च्या संसदीय समितीचे ताशेरे मुख्यतः या कारभारावर होते. लस विषारी होती असं काही त्यात ठरलेलं नाही.

मधुमालतीताई, ‘पालकाच्या जागी रेक्टरनं सही करावी’ हे तुम्हाला का पटत नव्हतं ते आता मीटिंगमध्ये सांगता येईल. हा उद्योग एकदा झालेला आहे. त्याची किंमत देशातल्या या लसीनं पुढची दहा-बारा वर्षं मोजली.

खडूस_म्हातारा
२० सप्टेंबर, सकाळी ८:२०

साप चावल्याचं मला माहीत नव्हतं. बाकी माझं म्हणणं कायम.

मधुमालती
२० सप्टेंबर, दुपारी १:४०

डॉक्टर, डबा खाता खाता वाचलं आणि घास तसाच राहिला. मी तो फॉर्म पुन्हा काढून बघितला. तळाला छापलंय: ‘पालक / वॉर्डन यांची सही’. मधली ती तिरकी रेघ मी आधी पाहिलीच नव्हती.

स्टेथोवाला
२० सप्टेंबर, रात्री ९:१५

त्याच गोष्टीचं एक शेपूट सांगायचं राहिलं. ते मला फार आवडतं.

त्याच सुमारास, सप्टेंबर २००९ पासून, अगदी वेगळा असा एक अभ्यास देशातल्या नऊ केंद्रांत सुरू होता. त्यात आमची बार्शी होती, पुणेही होतं. (बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं मिळून उस्मानाबादच्या ५२ गावसमूहांत सव्वा लाखाहून जास्त बायकांवर तपासणीचं काम आधीच करून ठेवलं होतं. एकदाच एचपीव्हीची तपासणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला त्या कामातून कळलं. आपल्या लोकांना कळलेलं नाही, ते सोडा.) तर त्या नऊ केंद्रांच्या अभ्यासात बघायचं होतं की मुलींना तीन डोस लागतात की दोन पुरतात. एप्रिल २०१० मध्ये खम्ममचा धुरळा उठला आणि सरकारनं सरसकट सगळ्या एचपीव्ही चाचण्यांचं लसीकरण बंद केलं. तोवर १७,७२९ मुली दाखल झाल्या होत्या. कोणाचे तीन डोस झालेले, कोणाचे दोन, आणि जवळपास पाच हजार जणी एकाच डोसवर अडकलेल्या.

अभ्यास बुडाला असंच सगळ्यांना वाटलं. पण त्या मुलींचा पाठपुरावा कोणी सोडला नाही. त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, कार्यकर्त्या गावोगाव त्यांचे पत्ते शोधत फिरल्या. अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल छापून आला: एचपीव्हीचे सोळा आणि अठरा नंबरचे प्रकार, जे या कॅन्सरला मुख्यतः कारणीभूत असतात, ते शरीरात ठाण मांडून बसण्यापासून एका डोसनं मिळालेलं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास. दोन आणि तीनवाल्यांनाही तेवढंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वीस वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे.

म्हणजे अविश्वासानं एक अभ्यास मोडला आणि त्या मोडक्या अभ्यासातून गरीब देशांना परवडणारी गोष्ट हाती लागली. मुद्दाम आखून असा प्रयोग करायला कोणी परवानगी दिली नसती.

शेवटचा_बाक
२१ सप्टेंबर, रात्री १२:२०

डॉक्टरांचा प्रतिसाद जबरी.

मी कॉलेजातला पोरगा, पोरांच्या बाजूनं सांगतो. डोंबिवली. आमच्या बॅचनं लस म्हणजे काय ते २०२१ मध्ये शिकलं. पंधरा ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झाले असतील तरच लोकलचा पास. वीस ऑक्टोबरला कॉलेजं उघडली तेव्हा गेटवर सिक्युरिटीवाला मोबाइलमधलं सर्टिफिकेट बघायचा. मग सरकारनं ‘मिशन युवा स्वास्थ्य’ काढलं आणि कॉलेजातच टोचायला लागले. माझा दादा सीनियर कॉलेजला होता. त्यानं लस का घेतली? पाससाठी. त्याच्या ग्रुपमधल्या एकानंही मला ‘कोविड होऊ नये म्हणून’ असं सांगितलेलं नाही.

घेतली हे बरंच झालं. पण मनाला पटून कोणी घेतली नाही ना, मग नंतर कुठे कोणी जिममध्ये कोसळला की ग्रुपवर पहिला मेसेज ‘लसीमुळे’. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना पोरं गेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तर दादाला झोप लागत नव्हती. मी त्याला आयसीएमआरचा अभ्यास वाचून दाखवला: अठरा ते पंचेचाळीस वयातले अचानक मृत्यू तपासले, लसीनं धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमीच. धोका वाढवणारं काय, तर घरात असा मृत्यू आधी झालेला असणं, कोविडनं हॉस्पिटलात राहावं लागलेलं असणं, आदल्या एक-दोन दिवसांत प्रमाणाबाहेर दारू, झेपत नसताना अंगमेहनत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सरकारच सांगणार ना असं.”

पाच मार्क ठेवले तर हेच होईल. सुई टोचून घेतील आणि पुढची दहा वर्षं पाळी चार दिवस पुढे गेली तरी नाव मॅडमचं.

अवांतर: मुलग्यांना ही लस चालते का? कोणी कधी सांगितलंच नाही.

स्टेथोवाला
२१ सप्टेंबर, सकाळी ८:०२

चालते. घशाचा, गुदद्वाराचा कॅन्सर आणि जननेंद्रियावरचे चामखीळ याच विषाणूंच्या घराण्यातले. सीरमची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस मुलं-मुली दोघांसाठी मंजूर आहे. ‘ही बायकांची लस’ असं आपण करून ठेवलंय. आणि ‘लग्नात अडचण’ तिथूनच सुरू होते.

‘सरकारच सांगणार ना’ याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट एक भर घालतो. कोव्हिशील्डमध्ये फार क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होतो हे २०२१ पासून वैद्यकीय साहित्यात उघड होतं. पण आपल्याकडे ते पोरांना कधी कळलं? २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या (कोव्हिशील्ड मूळची यांचीच) ब्रिटनमधल्या कोर्टाच्या कागदांची बातमी झाली तेव्हा. आधीच सांगितलं असतं तर ती बातमी झाली नसती, जुनी माहिती राहिली असती.

ठाणेकर_सुगरण
२१ सप्टेंबर, दुपारी ४:३०

लग्नात अडचण हा विषय निघालाच आहे तर लिहितेच.

लेकीला सतराव्या वर्षी दिली. तीन डोस. कोणाला सांगायचं काही कारण नव्हतं, पण नणंद नेमकी त्या दिवशी घरी आली आणि लेकीचा दंड दुखत होता. “कसली गं?” मी सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प, मग हळूच: “एवढ्यातच? काही आहे का तिचं?” बघा आता! धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कोणी विचारतं का, की गंजक्या खिळ्यांशी हिचं काही आहे का?

पण माझं मला कबूल करायचंय. डॉक्टरांनी पहिल्यांदा सुचवलं तेव्हा ‘शरीरसंबंधातून पसरतो’ हे ऐकून मीही आधी तोच विचार केला होता. माझी मुलगी नाही हो तसली, असं तोंडापर्यंत आलं होतं. डॉक्टरीण बाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्हाला तरी कुठे माहितीय तुमचा जावई कोण असणार आहे ते.” मग पटलं. एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बायकांनाही हा कॅन्सर होतो. यात बाईच्या वागण्याचा प्रश्नच कुठे येतो?

मधुमालतीताई, तुमच्या मुली ‘आईला विचारते’ म्हणतात, पण आईला विचारायचं म्हणजे आईसमोर हा शब्द काढायचा. कोणती काढेल? त्यापेक्षा ‘नको’ सोपं.

मधुमालती
२१ सप्टेंबर, रात्री ९:५०

सुगरणताई, म्हणजे ३३ जणींनी आईला विचारलंच नसणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली आयांवर चिडले होते.

काजवा
२२ सप्टेंबर, पहाटे ५:४०

मी जपानात राहते, नागोयाजवळ. इथलं थोडक्यात.

एप्रिल २०१३ मध्ये सरकारनं ही लस नेहमीच्या लसीकरणात घेतली. दोन महिन्यांत टीव्हीवर चाकाच्या खुर्चीतल्या मुली दिसायला लागल्या: अंगदुखी, झटके, चालता येत नाही. जूनमध्ये सरकारनं लस बंद केली नाही, नुसती ‘आम्ही आता शिफारस करत नाही’ म्हणून हात काढून घेतला. सत्तर टक्क्यांच्या आसपास मुली घेत होत्या, त्या एक टक्क्याच्याही खाली आल्या.

मग पालकांच्या आग्रहावरून नागोया महापालिकेनं शहरातल्या सत्तर हजार मुलींना प्रश्नावली पाठवली. जवळपास तीस हजारांनी भरून दिली. चोवीस लक्षणं विचारली होती. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत फरक निघाला नाही. ती दुखणी खोटी नव्हती, लस न घेतलेल्या मुलींनाही होत होती. पण तेव्हा कोण ऐकतं. शिफारस परत यायला एप्रिल २०२२ उजाडलं. माझ्या लॅबमधल्या जपानी मुली त्याच मधल्या वर्षांतल्या. सरकारनं त्यांना राहिलेले डोस २०२२ पासून फुकट द्यायला सुरुवात केली. एक म्हणाली, तेव्हा आईनं नको म्हटलं, आता मी स्वतःच जाऊन घेतली, आईला नंतर सांगितलं. वय तेवीस.

खडूस_म्हातारा
२२ सप्टेंबर, सकाळी ९:१०

जपान्यांचं राहू द्या. आपल्याकडे प्रश्नावली पाठवली असती तर त्यावर शेंगदाणे मिळाले असते.

मधुमालती
२६ सप्टेंबर, रात्री ११:३५

चार दिवस लिहिलं नाही. कारण हे.

मंगळवारी मेसमध्ये जेवणं झाल्यावर मुलींना खाली बसवलं. स्लाइड नाहीत, माइक नाही. डॉक्टरांनी लिहिलेली खम्ममची गोष्ट आहे तशी सांगितली: सात मृत्यू, साप, वॉर्डनच्या सह्या, सगळं. आणि म्हटलं, तुमच्या कोणाच्याही फॉर्मवर मी सही करणार नाही. अठरा पूर्ण असतील तर सही तुमची, नसतील तर घरच्यांची. पहिल्यांदाच प्रश्न आले. पाळीत घेतली तर चालते का (चालते), चक्कर का येते (सुईच्या धास्तीनं येऊ शकते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात), इन्स्टावरचं मूल न होण्याचं खरं का (नाही), आणि ‘मॅडम, तुम्ही घेतलीय का?’ माझं वय सत्तेचाळीस. म्हटलं, माझ्या वेळी नव्हती, मी तपासणी करून घेते. हे वाक्य बोलताना लक्षात आलं की शेवटची तपासणी सहा वर्षांपूर्वीची आहे.

त्या रात्री हजेरी झाल्यावर दारावर एक मुलगी आली. बीएस्सी दुसरं वर्ष, बीड जिल्ह्यातली. एवढंच सांगते. हुशार, अबोल, माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत होती. दाराची कडी हातात धरून उभी. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, “मॅडम, तुमच्या स्लाइडमधला कॅन्सर आणि माझ्या आईला होणार होता तो कॅन्सर, एकच का?”

आईबाप ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई सव्वीस वर्षांची असताना अंगावरून पांढरं जायचं, पोटात दुखायचं. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. पिशवी काढली. पैसे मुकादमाकडून उचल घेऊन भरले आणि ती फेडायला पुढचे दोन हंगाम गेले. “आता चाळीशी पण नाही मॅडम, पण मोळी उचलताना कमरेला हात लावून उभी राहते. गरम वाफा येतात म्हणून थंडीत कोपीच्या बाहेर झोपते.” आणि मग, “त्या डॉक्टरांनी पण आईला असंच सांगितलं होतं. आत्ता केलं की पुढचं टळेल.”

माझ्या अकराव्या स्लाइडवर लिहिलं होतं: ‘आत्ता घ्या, पुढचं टाळा.’

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. तिला चहा दिला, तो तिनं उभ्यानंच प्यायला.

थळकरी
२७ सप्टेंबर, सकाळी ६:३०

वाचून गप्प बसवेना. मी तिकडचाच. चुलती, मावशी, थोरली बहीण, तिघींच्या पिशव्या काढलेल्या.

बाहेरच्यांना वाटतं बायका अडाणी म्हणून फसल्या. अडाणी कोणी नव्हतं. एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड लावतो. पाळीत पाणी नाही, आडोसा नाही, बाळंतपणानंतर महिनाभरात परत फडात. दुखणं खरंच असतं. मग डॉक्टर म्हणतो एकदाच काढून टाक, आणि वर कॅन्सरचं नाव घेतो. कोण नको म्हणेल? २०१९ मध्ये बोभाटा झाला तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हेंची समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यानंतर खाजगीत हे ऑपरेशन करायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली.

आमच्याकडे ‘कॅन्सर होईल’ हे वाक्य आजाराचं नाही राहिलेलं. ते बिलाचं वाक्य आहे.

स्टेथोवाला
२७ सप्टेंबर, रात्री १०:४५

थळकरी, माझ्याच धंद्यातल्या लोकांनी केलंय हे. मी केलं नाही म्हणून सुटत नाही.

ताई, त्या मुलीला फरक सांगा, पण आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या. आईला कॅन्सर होणार होता का? नुसतं पांढरं जातं आणि सोनोग्राफीत ‘सूज’ दिसते म्हणून कोणी असं सांगूच शकत नाही. गर्भाशयमुखाची तपासणी वेगळी असते. संशय आला तर तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याचा कागद येतो. आईकडे तसा कागद आहे का विचारा. बहुधा नसेल. मग सरळ सांगा: नाही, आईला तेव्हा जे सांगितलं त्याला आधार दिसत नाही. हे ऐकायला तिला त्रास होईल. पण हे टाळून लसीचं बोललात तर तुम्हीही त्याच रांगेतल्या.

आणि ही सुई दंडावर देतात, पिशवीला कोणी हात लावत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा. आपल्याला ते इतकं उघड वाटतं की आपण सांगतच नाही.

अबोल_वाचक
२८ सप्टेंबर, दुपारी २:००

रुमाल टाकला होता, पण आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही. वाचतोय.

मधुमालती
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०५

दिवाळीची सुट्टी मध्ये आली. काल दुसरं शिबिर झालं. सांगायचं म्हणून सांगते.

मार्क वगैरे रद्द. फॉर्म नवीन छापले, गावातल्याच झेरॉक्सवाल्याकडे. ‘वॉर्डन’ शब्द काढला. सगळ्यांत वर ठळक: ‘ही सुई दंडावर देतात. पिशवीला हात लावत नाहीत. ऑपरेशन नाही.’ झेरॉक्सवाल्यानं दोनदा विचारलं, मॅडम हे असंच छापायचं का. सुट्टीला जाताना सगळ्या मुलींच्या बॅगेत एकेक दिला, मोठ्यांच्यासुद्धा. आईला शब्द उच्चारून विचारायला नको, कागद पुढे करता येतो. (सुगरणताई, हे तुमच्यामुळे.)

काल आल्या ४१. त्यात अकरावी-बारावीच्या ९. चक्कर आली ती फक्त एकीला, आणि तिला तर रक्तगटाच्या तपासणीतही आली होती.

बीडची ती मुलगी आली होती. आईकडे कागद नव्हता. मी सांगायचं ते सांगितलं होतं, सुट्टीच्या आधीच. काल ती सकाळी साडेआठला येऊन टेबलाशी बसली, म्हणाली, मी नावं लिहून घेते. दीडपर्यंत लिहून घेतली, अक्षर मोत्यासारखं. स्वतःचं नाव नाही लिहिलं. मीही विचारलं नाही.

खडूस_म्हातारा
९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

५ वरून ४१. बरंय. मी काही लस-बिस मानायला लागलो असं समजू नका.

तीन डोसचे अठराशे होतात ना? पुढचे डोस किती जणी पूर्ण करतील असं वाटतं?

मधुमालती
९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काका, हाच प्रश्न एका फॉर्मच्या मागच्या बाजूला बॉलपेननं लिहून आला होता. अकरावीच्या मुलीचे वडील, तेही ऊसतोडीचे. सही नव्हती केली. नुसतं लिहिलं होतं, ‘एकदाच का परत परत?’

फोन लावला. सांगितलं: पंधराच्या पुढे आपल्याकडे लसीच्या कागदावर तीन लिहिलेत, आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. वीसच्या आत एकही पुरतो असं जागतिक संघटना म्हणते. आमच्या ओळखीचे डॉक्टर म्हणतात, तीन परवडत नाहीत म्हणून एकही न घेण्यापेक्षा एक घेतलेला बरा. ते ऐकत होते. मागे ट्रॅक्टरचा आवाज, सामान भरणं चाललं होतं. मग म्हणाले, “दुसरा जानेवारीत येतोय. जानेवारीत आम्ही कर्नाटकात. पोरीला ताप आला तर बघायचं कुणी?”

म्हटलं, मी आहे.

“मग तसं लिवा त्याच्यावर. नाव आन् नंबर.”

मुलगी फॉर्म घेऊन माझ्यासमोरच उभी होती. जिथे ‘वॉर्डन’ छापलेलं असायचं बरोबर त्या जागी मी माझं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला, फोटो काढून त्यांना पाठवला. दहा मिनिटांनी त्यांचा होकार आला, व्हॉइस मेसेज. सही शुक्रवारी मिळाली, कारखान्याला निघालेला ट्रॅक्टर कॉलेजच्या फाट्यावर पाच मिनिटं थांबला तेव्हा.